खंडेनवमीचा पासपोर्ट

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर तीन वस्तू मांडल्या जात. महादजी शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आलेल्या पूर्वजांची तलवार, माझ्या सासऱ्यांची पलटणीतली पदकं आणि माझ्या मुलीचा अमेरिकन पासपोर्ट. पहिल्या दोन वस्तू ग्वाल्हेरातल्या बऱ्याच मराठा घरांत सापडतील. तिसरी फक्त आमच्याकडे, कारण असला उपद्व्याप आमच्या आबासाहेबांखेरीज कुणाला सुचणार नाही.

आबासाहेब म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार संभाजीराव. वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून भिंतीसारखी सरळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आमच्याकडे अजून सुंभच जळलेला नाही. सकाळी दाढी केल्याशिवाय ते चहा घेत नाहीत आणि चहा घेतल्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. चहा घेतल्यावरही ऐकतात असं नाही.

पासपोर्ट पाटावर कसा आला ते सांगते. माझे यजमान समरजीत संगणकाच्या नोकरीसाठी न्यू जर्सीला होते. सोनिका तिथेच जन्मली, म्हणून जन्मतःच अमेरिकन. ती साडेतीन वर्षांची असताना ह्यांची कंपनी बुडाली आणि आम्ही बॅगा भरून ग्वाल्हेरच्या माधवगंजात परत आलो. त्या काळी अमेरिकेहून परत येणं म्हणजे परीक्षेत नापास होऊन घरी येणं. गल्लीतलं माणूस न् माणूस भेटायला आलं आणि कुणीही काही विचारलं नाही. ते न विचारणं मला अजून टोचतं.

आबासाहेबांनी मात्र हार कुणाला दिसू दिली नाही. त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी माझ्याकडे पोरीचा पासपोर्ट मागितला. तो निळा, वर सोनेरी गरुड. त्यांनी तो तलवारीच्या शेजारी ठेवला आणि त्याला हळद-कुंकू वाहिलं. पूजेला दरवर्षी येणारे त्यांचे पलटणीतले मित्र दौलतसिंह बघतच राहिले. आबासाहेब त्यांना म्हणाले, लड़का नौकरी लेकर नहीं लौटा, नागरिक लेकर लौटा है. मी म्हटलं, आबासाहेब, कागदाला डाग पडेल. ते म्हणाले, तलवारीलाही पडतो, पुसला की जातो. तलवारीचा गेला. पासपोर्टाचा गेला नाही. नवा पासपोर्ट आला तरी पूजा चालूच, त्यालाही डाग. शेवटी मी प्लास्टिकचं कव्हर घातलं.

पासपोर्ट पूजेत राहिला आणि पोरगी ग्वाल्हेरात वाढली. शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, शिव्यासुद्धा इथल्या. कृत्रिम दात बनवायचं शिक्षण घेऊन तिने गावातल्याच हजिरा भागात स्वतःची लॅब काढली. ओहायोतला दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं चित्र संगणकावरून पाठवतो, आमच्या पोरी त्यावरून दाढेची कॅप घडवतात आणि ती विमानाने तिकडे जाते. तिथली कापडगिरणी बंद पडली तेव्हा ज्या घरांत चूल थंडावली होती, त्याच घरांतली चाळीसेक मुलं-मुली आज तिथे कामाला आहेत. माझ्या लग्नाच्या काळी अमेरिकेला जाणं म्हणजे वर चढणं होतं. आता अमेरिका चावते ते हजिऱ्याच्या जिवावर. आईच्या तोंडून हे बढाईखोर वाटेल. वाटू दे, बढाईच आहे.

आबासाहेबांची कवळीही सोनिकानेच केली. त्या कवळीने ते मुरैन्याची गजक, म्हणजे तीळगुळाची कडक वडी, कडाकडा फोडून खात आणि प्रत्येक पाहुण्याला ते करून दाखवत. आलेल्या माणसाला आधी गजक, मग पासपोर्टाची हकिकत, असा क्रम ठरलेला होता.

या सगळ्यात काडी पडली ती राघवमुळे. राघव हा सोनिकाचा शाळेपासूनचा मित्र, आता तिच्या कंपनीचा सीए. पाटणकर बाजारात त्याचं ऑफिस आहे. दोन वर्षांपूर्वी तिकडच्या एका मोठ्या दवाखान्यांच्या गटाने काम द्यायच्या आधी सोनिकाची कागदपत्रं मागितली आणि ती जुळवताना राघवच्या लक्षात आलं, की अमेरिकेचा नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही राहो, त्याने आपला हिशोब दरवर्षी अमेरिकेला द्यायचा असतो. असा कायदा असलेले देश जगात बोटावर मोजण्याइतकेच. पोरगी इथे कमावते, इथे कर भरते, तोही वेळच्या वेळी. तरी नवं यंत्र घ्यायला कंपनीत राखून ठेवलेल्या नफ्यावर, जो तिने हातातसुद्धा घेतलेला नाही, तिकडचा कर. आम्हाला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पासपोर्टाला आम्ही कुंकू लावत होतो, त्याचे नियम कोण वाचणार?

एवढ्यावर भागलं असतं. पण एकदा जेवताना राघव आबासाहेबांसमोर बोलून गेला, की जिथे जिथे सोनिकाचं नाव आहे, ती सगळी बँकखाती अमेरिकेच्या तिजोरी खात्याला कळवावी लागतात. आता माझ्या सासूबाई गेल्यापासून आबासाहेबांच्या बचतखात्यावर दुसरं नाव सोनिकाचं होतं. पेन्शनीतून मागे टाकलेलं सगळं त्या खात्यात. आबासाहेबांनी घास खाली ठेवला. माझ्या पेन्शनीची खबर परक्या सरकारला कशाला, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. ते हळू बोलतात तेव्हा घरातली मांजरसुद्धा बाहेर जाते.

दुसऱ्या दिवशी दाढी, चहा, टोपी, आणि थेट बँक. खात्यावरून सोनिकाचं नाव काढून परत आले. आल्यावर म्हणाले, झालं, आता त्या पासपोर्टाला काही अडचण नाही. जणू दोष खात्याचा होता.

सोनिकाला ते फार लागलं. संध्याकाळी लॅबमधून आली ती सरळ त्यांच्यासमोर बसली आणि तिने सांगून टाकलं, की ती अमेरिकेचं नागरिकत्व सोडून भारताचं घेणार आहे. अर्ज भरायला तिने आधीच सुरुवात केली होती.

आबासाहेबांनी विचारलं, "कराला भिऊन?"

"भिऊन नाही. पण हो, हिसाब तो हिसाब है. मी इथे राहते, इथे कमावते, मग इथलीच का नको होऊ?"

"सोनिका, नागरिकत्व म्हणजे मोबाइलचं सिम नाही, स्कीम बघून बदलायला. चार पैशांसाठी जो निष्ठा बदलतो त्याला पलटणीत काय म्हणतात, ठाऊक आहे तुला?"

"भाडोत्री म्हणतात. तुम्हीच सांगितलंय. पण मी त्यांचं मीठ खाल्लंच कधी, आबासाहेब? साडेतीन वर्षं दूध प्यायले, वो भी आईचं."

मला हसू आलं. आबासाहेबांना आलं नाही. मग तिचा आवाज उतरला. ती म्हणाली, "मतदानाच्या दिवशी मी तुम्हाला गाडीने नेते. तुम्ही सगळे आत जाता, बाहेर येऊन शाईचं बोट दाखवता. मी झाडाखाली उभी असते. या गावात माझा जन्म गेला, और कागज़ पे मैं मेहमान हूँ."

"बोटाची शाई बरी आठवली," आबासाहेब म्हणाले, "कर आल्यावर."

पोरगी उठून गेली. मला त्या क्षणी सासऱ्यांचा इतका राग आला, की हातातलं ताट मी आपटूनच ठेवलं. पण खरं सांगायचं तर त्यांचं दुखणंही मला कळत होतं. तो निळा पासपोर्ट त्यांच्यासाठी कागद नव्हता. मुलगा हरून आला असं गल्ली म्हणत असताना त्यांनी तो ढालीसारखा पुढे धरला होता. आता तीच ढाल नात परत करणार, तीही पैशासाठी, असं त्यांनी मनात धरलं. आयुष्यभर ज्या माणसाने निष्ठेची भाकरी खाल्ली, त्याला आपल्याच घरात भाडोत्री निघाला असं वाटलं तर त्याचं काय होत असेल.

दुसऱ्या दिवसापासून आबासाहेबांनी कवळी लावणं बंद केलं. हिरड्या दुखतात म्हणाले. हिरड्यांना काय धाड भरली होती? नातीने केलेले दात तोंडात धरायचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. गजकेचा डबा बंद, पाहुण्यांपुढचा खेळ बंद. मला दोन्ही वेळा मऊ भात शिजवावा लागे आणि तो ते असा गिळत, की बघणाऱ्याला वाटावं सुनेने उपाशी मारलं. सोनिका सगळं बघत होती. रोज कवळी धुऊन त्यांच्या खोलीत पाण्याच्या वाटीत ठेवत होती आणि बोलत नव्हती. एकाच रक्ताची माणसं ती, कोण आधी वाकणार?

असा हिवाळा गेला. तिचा अर्ज कलेक्टोरेटमधून वर गेला आणि सरकारचं उत्तर आलं, की आधीचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला आणा, मग आम्ही तुम्हाला घेतो. तेव्हा राघव काही सह्या घ्यायला घरी आला. सोनिका यायची होती. आबासाहेबांनी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, की एवढं करून पोरीचे वाचले किती.

राघव गोंधळला. "वाचले? आबासाहेब, उलटे गेले. सोडून जायचं तर मागच्या पाच वर्षांचा हिशोब साफ लागतो. तिने सगळा कर भरला, दंडासकट. नवीन मशीन कॅन्सल केली त्याच्यासाठी."

राघव पुढे म्हणाला, "मी बोललो तिला, आधी मशीन घे, ये सब अगले साल देखेंगे. इथे हजिऱ्यात कोण विचारायला येणार आहे? तर ती बोलली, चार्ज दिल्याशिवाय ड्यूटी सोडायची नसते. आबासाहेबांनी शिकवलंय."

राघव सह्यांचे कागद ठेवून गेला. आबासाहेब अंगणात तुळशीपाशी जाऊन बसले. मी दिवा लावायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "सूनबाई, ती वाटी कुठे आहे?" मी वाटी आणून दिली. कवळी लावून त्यांनी जबडा दोनदा हलवून बघितला आणि घरात थोडी गजक असेल का, अशी चौकशी केली. सोनिका दारातून आत आली तेव्हा कडाकडा आवाज चालू होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी डबा तिच्यापुढे केला. माफी या घरात अशीच मागितली जाते. तोंडाने मागितलेली मी तरी कधी ऐकलेली नाही.

दिल्लीला आम्ही दोघी सकाळच्या गाडीने गेलो. वकिलातीत तिला एकटीलाच आत घेतलं. बाहेर आली तेव्हा चेहरा शांत होता. आतल्या बाईंनी तिला दोनदा विचारलं म्हणे, स्वतःच्या मर्जीने सोडताय ना. मग त्यांनी पासपोर्टाचं कव्हर काढलं आणि आतला लाल डाग बघून हे काय आहे म्हणून चौकशी केली. प्लास्टिक घालूनही एकदा कुंकू आत गेलंच होतं. सोनिकाने सांगितलं, की आमच्याकडे शस्त्रांची पूजा होते आणि माझे आजोबा याचीही करत. बाई म्हणाल्या, असा मान या पुस्तकाला मिळालेला मी पहिल्यांदाच पाहते. त्यांनी तो जपून बाजूला ठेवला. परतीच्या गाडीत सोनिका सारखी पर्स चाचपत होती. वाईट वाटतंय का विचारलं तर म्हणाली, थोडंसं. जिथे जन्मली त्या जागेबद्दल थोडंसं वाटणारच, आणि न वाटणारी पोर मला आवडली नसती.

दाखला आला, इकडे जमा झाला. पण इकडचं प्रमाणपत्र यायला वेळ होता. मधल्या काळात ती तिकडची नव्हती आणि इकडचीही झाली नव्हती. गल्लीतल्या शांताताई म्हणाल्या, तेल गेलं तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आमच्या अंगणात उभं राहून, मोठ्याने. मी काही तिखट बोलणार तेवढ्यात आबासाहेब बाहेर आले.

"शांताताई, सरकार तिला घेईपर्यंत ती माझ्या तुकडीत आहे," ते म्हणाले. "काही बोलायचं असेल तर माझ्याशी बोला."

आणि हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते सोनिकाबरोबर रोज लॅबवर जाऊ लागले. दाराशी खुर्ची टाकून, काठी मांडीवर आडवी घेऊन बसत. कुणापासून रक्षण करत होते देव जाणे. कुरियरवाल्याला तीन प्रश्न विचारल्याशिवाय आत सोडत नसत. पण बसल्या बसल्या त्यांनी इतक्या वर्षांत प्रथमच तिचं काम बघितलं. संगणक, यंत्रं, आणि खिडकीशी बसून मेणाची दाढ कोरणाऱ्या पोरी. यंत्र येण्याआधी सोनिका सगळं हातानेच करत असे आणि अवघड काम अजूनही हातानेच होतं. मेण कोरायची ती सुरी बोटभर लांबीची असते. घरी येऊन आबासाहेब मला सांगू लागले, की अमुक पोरीचे आजोबा गिरणीत होते, तमुक पोरीने कामावर लागून भावाची फी भरली. मला हे सगळं आधीच ठाऊक होतं. मी नव्याने ऐकत असल्यासारखं ऐकलं.

खंडेनवमी आली. पाट मांडला, तलवार ठेवली, पदकं ठेवली. तिसरी जागा मोकळी. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होते आणि त्या मोकळ्या जागेकडे बघायचं टाळत होते. सोनिकाही दारातच थांबली. दौलतसिंह आले, बसले, आणि ज्याची धास्ती होती तेच त्यांनी विचारलं, "सूबेदार साहब, वो नीली किताब कहाँ गई?"

"लौटा दी," आबासाहेब म्हणाले. "पूरा चार्ज देकर."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला. रुमालात सोनिकाची पहिली, लाकडी मुठीची, झिजलेली मेण कोरायची सुरी होती. लॅबमधून कधी उचलून आणली कुणास ठाऊक. त्यांनी ती तलवारीच्या शेजारी, पासपोर्टाच्या जागी ठेवली, पात्याला कुंकू लावलं आणि ती सरळ केली. सोनिकाकडे न बघताच म्हणाले, "या सुरीवर चाळीस घरं चालतात. आमच्या तलवारीवर कधी एवढी चालली नव्हती."

सोनिका आत येऊन पाटासमोर वाकली. उठायला तिला जरा वेळ लागला.

प्रमाणपत्राचं बोलावणं थंडीत आलं. त्याआधी शपथ घ्यायची होती. आबासाहेबांनी कोट काढला, त्यावर पदकं लावली आणि आदल्या दिवशी पोरीकडून बैठकीत तालीम करून घेतली. टाचा जुळव, हनुवटी वर, शब्द गिळायचा नाही. ती म्हणाली, आबासाहेब, वहाँ बस एक कागज़ पढ़ना है. ते म्हणाले, मीही एकच कागद वाचला होता, त्यावर अठ्ठावीस वर्षं काढली.

कलेक्टोरेटमधली खोली लहान होती. टेबल, फायली, भिंतीवर कॅलेंडर. अधिकारी तरुण होते, बोलायला चांगले. आम्ही मागे खुर्च्यांवर बसलो. सोनिका उभी राहिली, टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली आणि हिंदीतली ती शपथ खणखणीत वाचली. संविधानाशी श्रद्धा आणि निष्ठा राखीन, इथले कायदे पाळीन, नागरिकाचं कर्तव्य करीन. पहिल्या शब्दालाच आबासाहेब उठून उभे राहिले होते. अधिकारी मध्येच अदबीने म्हणाले, बाबूजी, आप बैठिए. त्यांनी ऐकलंच नाही. शपथ संपली, तिने सही केली, आणि माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासऱ्यांनी आपल्या नातीला कडक सलाम ठोकला.

मग ते आमच्याकडे वळले. माझ्याकडे आणि ह्यांच्याकडे बोट दाखवून सोनिकाला म्हणाले, "हे सगळे जन्मले म्हणून या देशाचे. शपथ घेऊन देशाचे झालेले या घरात दोघेच. मी आणि तू."

सोनिका रडली. जन्मली तेव्हा रडली होती तशी, तोंड उघडून. अधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. माझे यजमान खिडकीबाहेर बघू लागले. मी माझ्या हाताच्या बोटाकडे बघितलं. कितीदा तरी त्याला मतदानाची शाई लागली असेल, आणि एकदाही मला ती कमवावी लागली नव्हती. पोरीने कमावली होती. माझ्याच पोटच्या पोरीचा मला इतका अभिमान वाटला, की उठून तिला जवळ घ्यायचंही सुचेना.

घरी परतताना आबासाहेबांनी गाडी पाटणकर बाजारात थांबवायला लावली. पेढे घ्यायचे असतील असं आम्हाला वाटलं. ते काठी टेकत बँकेत शिरले, पदकांसकट, आणि खिडकीवरच्या मुलीला म्हणाले, की खात्यावर दुसरं नाव घालायचं आहे. तिने विचारलं, किसका? आबासाहेबांनी मागे उभ्या असलेल्या सोनिकाला हाताला धरून पुढे ओढलं.